आईला ऐकायची पुस्तकं: ग्रंथालय, फुकट संकेतस्थळं की पैसे भरून अ‍ॅप?

प्रश्न : मी म्हापशाला राहते, नोकरी वेर्ण्याला. पणजीला बस बदलून रोज अडीच तास प्रवासात जातात. आई ७६ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे तिची नजर फार कमी झाली आहे. जन्मभर मराठी वाचत आलेली बाई, आता पुस्तक हातात घेते आणि ठेवून देते. मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात. मला स्वतःला जुन्या इंग्रजी कादंबऱ्या ऐकायला आवडतात. ऑडिओबुकचं पैसे भरायचं अ‍ॅप घ्यावं, की ग्रंथालयाचं सभासद होऊन भागेल? फुकट पुस्तकांच्या याद्यांत लिबी या अ‍ॅपचं नाव वाचलं, पण उघडलं तर आपलं ग्रंथालय त्यात सापडेना. ऑफिसातल्या मैत्रिणीने टेलिग्रामचा एक ग्रुप सुचवला आहे. आईच्या फोनवर जेमतेम ४ जीबी जागा शिल्लक आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमच्या घरात तीन वाचक आहेत आणि तिघांची सोय तीन वेगळ्या ठिकाणी आहे. तुमची आणि मुलीची सोय एक पैसा न भरता होईल. आईसाठी थोडी मेहनत आहे, कारण मराठीत अधिकृत, फुकट आणि उतरवून घेता येणारी ऑडिओबुकं फारच थोडी आहेत. फुकट मराठी मजकूर मात्र भरपूर आहे, आणि तो वाचून दाखवायला आईचा फोन पुरेसा आहे.

लिबीचं आधी सांगतो. लिबीत स्वतःची पुस्तकं नसतात. ओव्हरड्राइव्ह या कंपनीशी करार केलेली ग्रंथालयं पुस्तकांचे डिजिटल परवाने विकत घेतात आणि आपल्या सभासदांना ती पुस्तकं लिबीतून देतात. बहुतेक परवाने एका वेळी एकाच वाचकापुरते असतात, त्यामुळे तिथेही नंबर लावावा लागतो, आणि मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत ही पद्धत रुळलेली आहे. तुम्ही वाचलेल्या याद्या तिकडच्या वाचकांसाठी आहेत. तुमचं ग्रंथालय तिथे दिसलं नाही, म्हणजे इथल्या कार्डावर ते चालणार नाही. स्विंडनला किंवा लंडनला असलेल्या भावाचं कार्ड मागून घेण्याचा मोहही टाळा. ते तिथल्या रहिवाशाला दिलेलं असतं, आणि दुसरं कोणी वापरलं तर त्याचं खातं बंद होऊ शकतं.

आता आईकडे वळू. फुकट संकेतस्थळावर काय मिळेल, हे लेखकाच्या निधनाच्या वर्षावर ठरतं. भारतात लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ साली वारले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं त्यांचं लेखन २००८पासून सर्वांसाठी खुलं आहे. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले. त्यांचं लेखन २०४४ संपेपर्यंत हक्काखाली आहे, ते कुठे फुकट दिसलं तरी वारसांनी किंवा प्रकाशकाने दिलेलं आहे का ते बघा. आई कोणते लेखक मागते त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे निधनाचं साल लिहा. १९६५ किंवा त्याआधीचं साल असेल ते नाव फुकट संग्रहात शोधायचं, नंतरचं असेल ते ग्रंथालयात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, आणि जुनं पुस्तक कोणी आज वाचून ध्वनिमुद्रित केलं, तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्कही वेगळा असतो.

खुल्या मराठी पुस्तकांसाठी पहिली जागा मराठी विकिस्रोत. तिथे स्वयंसेवक छापील पुस्तकाचं पान शेजारी ठेवून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, उतरवतात. पानाचा रंग बघून दर्जा कळतो: लाल म्हणजे मुद्रितशोधन व्हायचं आहे, पिवळं म्हणजे एकदा झालं, हिरवं म्हणजे दुसऱ्या व्यक्तीनेही तपासलं. ऐकण्यासाठी पिवळी आणि हिरवी पानं असलेलंच पुस्तक घ्या. लाल पानांतल्या अक्षरांच्या चुका डोळ्यांनी वाचताना आपण सावरून घेतो, फोन मात्र त्या जशाच्या तशा उच्चारतो. पुस्तकाच्या मुख्य पानावरून ईपबमध्ये (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) उतरवून घ्या. यापलीकडे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत ठेवली आहेत, आणि ई साहित्य प्रतिष्ठान आजच्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत देतं. हलकंफुलकं, नवं काही हवं असेल तर हे दुसरं नाव आईच्या कामाचं.

इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा साठा सर्वांत मोठा आहे. भारतीय डिजिटल लायब्ररी प्रकल्पातल्या हजारो पुस्तकांची छायाचित्रित पानं तिथे आहेत. पण शोधायला ते अवघड. नावं बहुतेक रोमन लिपीत आणि कशीही लिहिलेली, त्यामुळे देवनागरीत शोधून काही मिळालं नाही तर रोमन लिपीत फक्त लेखकाचं आडनाव टाका आणि बाजूच्या चाळणीतून मराठी भाषा निवडा. तिथला ईपब घेऊ नका. तो यंत्राने आपोआप बनवलेला असतो आणि देवनागरीची त्यात बऱ्याचदा खिचडी झालेली असते. पीडीएफ घ्या. शिवाय तिथे कोणीही काहीही चढवू शकतं, म्हणून पुस्तक तिथे आहे एवढ्यावरून ते खुलं ठरत नाही. एका तासाच्या किंवा दोन आठवड्यांच्या बोलीवर पुस्तकं उसनी देण्याचा आर्काइव्हचा जो उपक्रम आहे, त्यातून प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यानंतर पाच लाखांवर पुस्तकं काढून घेतली गेली. मार्च २०२३चा निकाल सप्टेंबर २०२४मध्ये अपिलातही कायम राहिला. तेव्हा जुन्या याद्यांत ‘आर्काइव्हवर उसनं मिळतं’ असं वाचलं आणि पुस्तक सापडलं नाही, तर कारण हे असू शकतं.

फाइल उतरवली की आईच्या हाती देण्याआधी एक छोटी तपासणी करा, यात सगळ्यांत जास्त लोक अडकतात. पीडीएफ उघडा, एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा, तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या रिकाम्या खिडकीत चिकटवा. तोच मराठी शब्द उमटला, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि फोन तो वाचेल. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटला, तर पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेलं आहे. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण आत मराठी अक्षर एकही नाही, आणि वाचक-अ‍ॅप तोच काला मोठ्याने वाचतं. शब्द निवडलाच गेला नाही, तर ते नुसतं पानाचं छायाचित्र आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, करावं लागतं, त्याचं पुढे सांगतो.

फोनला मराठी वाचायला लावणं पंधरा मिनिटांचं काम आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टेक्स्ट-टू-स्पीच. काही फोनवर हे ‘भाषा’ या भागात असतं, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘स्पीच’ टाका. इंजिन गूगलचं निवडा, शेजारच्या चाकावर दाबून व्हॉइस डेटा उघडा आणि मराठी उतरवून घ्या. हे घरच्या वायफायवर करा. एकदा उतरलं की पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं तरी आईचं पुस्तक थांबणार नाही. आवाज एकाहून अधिक असतात, ते आईलाच ऐकवून तिला निवडू द्या. वेग सुरुवातीला थोडा कमी ठेवा.

वाचणारं अ‍ॅप म्हणून रीडएरा घ्या. फुकट आहे, ईपब आणि पीडीएफ दोन्ही उघडतं, वाचून दाखवतं आणि कुठे थांबलं ते लक्षात ठेवतं. उच्चार हिंदी वळणाचे येऊ लागले, तर अ‍ॅपमध्ये वाचनाची भाषा हिंदी राहिलेली असते, ती मराठी करा. दहा-पंधरा मिनिटांनी वाचन आपोआप बंद पडत असेल, तर दोष पुस्तकाचा नाही. पडदा काळा झाला की बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चाललेलं अ‍ॅप मारून टाकतात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात ‘निर्बंध नको’ असं निवडा. यंत्राचा आवाज पहिले दोन दिवस कोरडा वाटतो. वैचारिक लेखन, चरित्रं, प्रवासवर्णनं त्यात चांगली जमतात. कविता आणि बोलीभाषेतले संवाद जमत नाहीत. आईला कविता प्रिय असतील तर त्या मुलीने वाचून दाखवाव्यात. पाचवीतल्या मुलीला तेवढं जमतं.

आता ग्रंथालय. पणजीला तुम्ही बस बदलता, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. हक्काखालच्या मराठी पुस्तकांसाठी, म्हणजे गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या बहुतेक मराठी साहित्यासाठी, कायदेशीर आणि परवडणारा रस्ता आजही छापील पुस्तकाचाच आहे. नजर गेलेल्या वाचकाला छापील पुस्तकाचा काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. इथेच कायदा आईच्या बाजूने आहे, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) घातलं गेलं. अपंग व्यक्तीला नेहमीच्या रूपात पुस्तक वाचता येत नसेल, तर तिला वाचता येईल अशा रूपात त्याची प्रत करून देणं हा हक्काचा भंग ठरत नाही. ही प्रत घरातलं माणूसही करू शकतं, अट एवढीच की ती अशा व्यक्तीच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी असावी आणि त्यातून नफा कमवू नये. म्हणजे ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक तुम्ही आईसाठी स्कॅन करून ऐकण्याजोगं करू शकता. ती फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकता येणार नाही.

करायचं कसं? पुस्तक टेबलावर सपाट उघडा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. एका वेळी एकच पान टिपा. दोन पानं एका चित्रात आली की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते. शिवणीजवळ पान वळतं आणि सावली पडते, तिथली शेवटची दोन-तीन अक्षरं हमखास चुकतात, म्हणून पान बोटाने हलकेच दाबून धरा आणि बोट मजकुरावर येऊ देऊ नका. पानाच्या डोक्यावरचं प्रकरणाचं नाव आणि पृष्ठक्रमांक कापून टाका, नाहीतर ऐन वाक्याच्या मध्ये फोन ‘एकशे बारा’ म्हणतो आणि आईचा धागा तुटतो. चित्रं गूगल ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावर उजवी कळ दाबून गूगल डॉक्समध्ये उघडा. वरती चित्र आणि खाली निवडता येणारा मराठी मजकूर मिळतो. हेच वर म्हटलेलं ओसीआर. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. छापील पुस्तकातली स्वच्छ अक्षरं चांगली ओळखली जातात. रफार, जोडाक्षरं आणि पिवळ्या पडलेल्या कागदावरचे अनुस्वार तेवढे तपासा. पूर्ण पुस्तक एका बैठकीत करू नका. एक प्रकरण करा, आईला द्या, तिला गोडी लागली तर पुढचं. एखाद-दोन पानांचाच प्रश्न असेल, वर्तमानपत्राचं कात्रण, पत्र, औषधाचा कागद, तर गूगल लेन्समध्ये मजकूर निवडून तिथेच ‘ऐका’ म्हणता येतं.

ग्रंथालयात पुस्तक बदलायला गेलात की काउंटरवर तीन गोष्टी विचारून घ्या: घरून वापरता येणारी कोणती डिजिटल सेवा सभासदांना आहे, दृष्टिबाधितांसाठी काय सोय आहे, आणि आईच्या वतीने पुस्तकं तुम्हाला नेता येतील का. गाव लांब असेल तर हेच प्रश्न तालुक्याच्या ग्रंथालयात विचारावेत.

आईसाठी आणखी एक दार आहे ते सुगम्य पुस्तकालय. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय फुकट आहे, पुस्तकं डेझी (दृष्टिबाधितांसाठीच्या बोलक्या पुस्तकांचं रूप), ईपब आणि ब्रेल या रूपांत आहेत, आणि त्यात हक्काखालची पुस्तकंही असतात, ते वर सांगितलेल्या कलमामुळेच. ही पुस्तकं डॉल्फिन ईझीरीडर या फुकट अ‍ॅपमध्येही उघडतात. सभासद होण्यासाठी अपंगत्वाचा पुरावा लागतो, म्हणून आईचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला इस्पितळात जायचं. काचबिंदूत समोरचं अक्षर बऱ्यापैकी दिसत असूनही बाजूचं दिसेनासं होतं, आणि ‘अजून दिसतं ना’ म्हणून लोक अर्जच करत नाहीत. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी उरलं असेल तर तेही अल्पदृष्टीत धरलं आहे. म्हणून तपासणीला जाताना दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचे अहवाल बरोबर न्यायला विसरू नका.

तुमच्या बसप्रवासासाठी लिब्रिवॉक्स. २००५पासून जगभरचे स्वयंसेवक अमेरिकेत हक्कमुक्त झालेली पुस्तकं तिथे वाचून ठेवतात. खातं काढायला नको, मुदत नाही, फाइल कायमची तुमची. वाचणारे हौशी आहेत, त्यामुळे दर्जा खाली-वर होतो. प्रसिद्ध कादंबऱ्यांची एकाहून अधिक वाचनं असतात. ज्यात सगळी प्रकरणं एकाच व्यक्तीने वाचली आहेत ते निवडा, आणि उतरवण्याआधी पहिलं प्रकरण पाच मिनिटं ऐका. ६४ केबीपीएसची एमपीथ्री बोलण्यासाठी पुरेशी आहे. तासाला साधारण २९ एमबी, म्हणजे दहा तासांची कादंबरी २९० एमबीत बसते. १२८ केबीपीएसला दुप्पट जागा जाते आणि बसच्या आवाजात फरक कळणार नाही. पूर्ण पुस्तकाची झिप उतरवली तर उलगडताना तेवढीच आणखी जागा लागते, ती नंतर आठवणीने पुसा. गाण्यांच्या प्लेअरमध्ये ऐकू नका, तो थांबलेली जागा विसरतो. ‘व्हॉइस’ नावाचा मुक्त स्रोत ऑडिओबुक प्लेअर घ्या आणि दर पुस्तकाला वेगळं फोल्डर करा. वाचायचं असेल तर १९७१पासून चालू असलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर तीच पुस्तकं ईपबमध्ये मिळतात.

मुलीसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठीतल्या आणि कोकणीतल्याही गोष्टी पातळीनुसार लावलेल्या, उतरवता येणाऱ्या. पाचवीला तिसरी-चौथी पातळी योग्य. सोबत राष्ट्रीय पुस्तक न्यासाचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय बघा, तिथे वयाचे चार गट आहेत, तिचा ८ ते ११.

टेलिग्रामचा ग्रुप सोडून द्या. तिथली हक्काखालची मराठी पुस्तकं चोरीची असतात, आणि मराठी प्रकाशनाची आवृत्ती इतकी छोटी असते की त्याचा फटका थेट लेखकाला बसतो. दुसरं, पुस्तकाची फाइल ईपब, पीडीएफ किंवा एमपीथ्री असते. पुस्तक म्हणून एपीके फाइल आली तर ते अ‍ॅप आहे, आणि ते आईच्या फोनवर, जिथे बँकेचे संदेश येतात, कधीही बसवू नका.

राहिलं पैसे भरायचं अ‍ॅप. आजच्या मराठी लेखकांची, चांगल्या आवाजातली ऑडिओबुकं ऐकायची असतील, तर स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपला पर्याय नाही, आणि ते पैसे वाया जात नाहीत. वर्षाची वर्गणी मात्र आधीच भरू नका. आईच्या यादीतली नावं आधी अ‍ॅपमध्ये शोधून बघा. निम्मी सापडली तर एक महिन्याची घ्या. काही योजनांत महिन्याला ठरावीकच तास मिळतात. आई दिवसाला तीन तास ऐकणार असेल तर महिन्याला ९० होतात, ते आकड्याशी ताडून बघा. उतरवलेलं पुस्तक अ‍ॅपमध्येच राहतं आणि वर्गणी थांबली की बंद होतं. नको झालं तर अ‍ॅप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही: प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करा, आणि पैसे यूपीआयने थेट भरले असतील तर तुमच्या पेमेंट अ‍ॅपमधलं ऑटोपेही बंद करा.